चपला काढून बसायची गाडी

संपादकांनी गेल्या दिवाळीतच लेख मागितला होता. तेव्हा मी म्हणालो होतो, आमच्या धंद्यात लिहिण्यासारखं काय आहे? माणूस बसतो, आम्ही त्याची बसायची जागा करतो. शेजारी टाके घालत बसलेले रशीदभाई मान वर न करता म्हणाले, "लिहा की मास्तर. एवढी पुस्तकं वाचलीत, एखादं पान तरी परत करा." मी हसून विषय टाळला. या वर्षी रमजान सरला आणि पंधरा दिवसांत रशीदभाई गेले. त्यानंतर संपादकांनी विचारायची वाट न बघता मीच कळवलं की लिहितो. वेळ लागेल, पण लिहितो.

आमचं दुकान जळगावात, नशिराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून. पाटीवर आम्हा दोघांपैकी कुणाचंच नाव नाही, नुसतं 'सीट, हूड, कुशन' एवढंच आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला. शाळेत नोकरी मिळेल या आशेवर दोन वर्षं काढली होती. एक दिवस पिंप्राळ्याहून स्कूटरची सीट शिवून घ्यायला आलो आणि ती होईपर्यंत कोपऱ्यात पुस्तक वाचत बसलो. रशीदभाईंचा हात सोन्याचा, पण तोंडही तेवढंच चालायचं. गिऱ्हाईक आलं की गप्पा, आणि गप्पांत काम मागे पडायचं. संध्याकाळी ते म्हणाले, "तुम्ही तीन तास बसलात, एक शब्द बोलला नाहीत. असा माणूस मला दुकानात पाहिजे." असा मी त्या धंद्यात शिरलो. मास्तर झालो नाही, पण त्यांनी पहिल्या दिवसापासून मला मास्तरच म्हटलं.

धंदा समजायला सोपा आहे. कुठल्याही सीटच्या पोटात चार थर असतात. खाली स्प्रिंगा किंवा पट्टे, त्यावर तरट, त्यावर काथ्या, मग फोम, आणि वरून रेक्झिन किंवा कापड. गिऱ्हाईक फक्त वरचं बघतं. रंग कुठला, शिवण कशी, डिझाइन काय. रशीदभाई खालचं बघायचे. मूठ वळून सीटमध्ये दाबायचे आणि डोळे मिटायचे, डॉक्टर पोट तपासतो तसे. त्यांचं म्हणणं एकच होतं. "बसलेल्या माणसाला सीटची आठवण येता कामा नये. आली, की समजायचं आपलं काम चुकलं."

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. काळ्यापिवळ्या जीपचा एक मालक यायचा. त्याची जीप खेड्यांवर चालायची आणि आत किती माणसं भरायची याला काही नियम नव्हता. तो म्हणाला, ड्रायव्हरची सीट अशी करा की ड्रायव्हरच्या उजव्या हाताला एक पॅसेंजर बसेल. मी म्हटलं, उजव्या हाताला तर दार आहे. तो म्हणाला, "दार काढी टाकेल शे." रशीदभाईंनी त्याला बाहेर पाठवलं नाही, चहा पाजला. मग शांतपणे विचारलं, "मग ड्रायव्हर तरी कशाला ठेवता? त्याची जागा वाया जाते." तो गृहस्थ हसत गेला आणि त्याने दुसऱ्या दुकानातून सीट करून घेतली. धुळ्याचे एक डॉक्टर होते. त्यांना सगळी सीट पांढरीशुभ्र हवी होती. आम्ही करून दिली. आठ दिवसांनी ते परत आले. गाडीत बसणारा प्रत्येक नातेवाईक आता पेशंटसारखा गप्प बसतो, अशी त्यांची तक्रार होती.

पण मला सांगायचं आहे ते प्रल्हादभाऊंच्या गाडीबद्दल.

नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आज अशा गाडीला लोक एसयूव्ही म्हणतात, तेव्हा तो शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. चार चाकं आणि मोठं तोंड असलं की ती जीप. प्रल्हादभाऊ तापीकाठचे केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी परदेशी बनावटीची एक भली मोठी गाडी घेतली, तशी गाडी तोवर जिल्ह्यात मी पाहिली नव्हती. सात माणसं बसतील अशी लांब, आत एसी, बटण दाबलं की काच खाली, स्टिअरिंग एका बोटाने फिरणारं, आणि आतली सगळी बैठक फिकट बदामी रंगाच्या कातड्याची. चारही चाकांना जोर मिळायचा. त्या वर्षी एका अवकाळी पावसात केळीचा भरलेला ट्रक त्यांच्या शिवारात काळ्या मातीत रुतला होता. दोन ट्रॅक्टर हरले तेव्हा या गाडीने दोर लावून तो बाहेर काढला. गाव दोन्ही बाजूंना उभं राहून बघत होतं. तेव्हापासून गावात तिच्या ताकदीबद्दल कुणी शंका काढली नाही.

शंका होती ती वेगळीच. भाऊबंद म्हणत, प्रल्हादने मिरवायला घेतली. प्रल्हादभाऊ म्हणत, आबांसाठी घेतली.

आबा म्हणजे त्यांचे वडील, तोतारामआबा. वय ऐंशीच्या आसपास, अंगाने काटक, पण मणका दबलेला. एसटीच्या धक्क्यांनी ते दोन दिवस अंथरुणाला खिळायचे. त्यांची धाकटी नात, म्हणजे प्रल्हादभाऊंची मुलगी प्रतिभा, हिचं लग्न ठरलं होतं आणि लग्न मुलाकडे, पिंपळनेरला होतं. म्हणजे एरंडोल, पारोळा, धुळं, साक्री ओलांडून पार तिकडे. आबांच्याच मांडीवर वाढलेली पोर. तिने सांगून ठेवलं होतं, आबा आल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. म्हणून ही गाडी. आणि लग्नाला पंधरा दिवस उरले असताना आबा म्हणाले होते की मी येणार नाही.

प्रल्हादभाऊ आबांना घेऊन आमच्या दुकानी आले तो दिवस मला लख्ख आठवतो. गाडी थांबली. प्रल्हादभाऊ उतरले आणि टाचांवर उड्या मारू लागले. उन्हाळ्याचे दिवस, रस्ता तापलेला आणि पायात काही नाही.

"चपला कुठे आहेत, भाऊ?" मी विचारलं.

त्यांनी कपाळावर हात मारला. "अंगणातच राहिल्या!"

मग उलगडा झाला. आतला गालिचा मळू नये म्हणून त्यांनी घरात दंडक घातला होता की या गाडीत चपला काढून बसायचं. देवळात जातात तसं. सगळे जण दारापाशी चपला काढत, भक्तिभावाने आत चढत, दार लागे आणि गाडी निघे. चपला तिथेच, ओळीने, आपापल्या मालकाची वाट बघत. तिसऱ्यांदा असं झालं होतं. एकदा तर ते जळगावात बँकेत अनवाणी जाऊन आले होते.

आत बघितलं तर आणखी एक गंमत. कातडं खराब होऊ नये म्हणून कंपनीतून आलेलं प्लास्टिक सीटवर तसंच ठेवलेलं. आबा धोतरात. ब्रेक लागला की आबा पुढे, चढ आला की आबा मागे.

"हाई गाडी शे का घसरगुंडी शे?" आबा आतूनच म्हणाले. "ब्रेक लागना का मी पुढे. मना मनका मोडाले लागना. बठ्ठा जा तुम्ही लगनले, मी येवाव नही."

"आबा, असं काय करता?" प्रल्हादभाऊ रडकुंडीला आले. "तुमच्यासाठीच घेतली ना गाडी."

"मन्हासाठी ली, मंग मन्हाखाले प्लास्टिक कसाले टाकं?"

रशीदभाई इतके हसले की हातातली सुई खाली पडली.

प्लास्टिक आम्ही तिथल्या तिथे काढलं. प्रल्हादभाऊ बघत राहिले, जणू कुणी त्यांच्या अंगावरचं वस्त्र काढत होतं. मग बापलेक नशिराबादपर्यंत चक्कर मारून आले. आबा घसरले नाहीत, पण उतरले तेव्हा चेहरा तसाच. कंबर भरून आली, डावा पाय बधिर झाला, असं म्हणाले.

इथे पहिली चूक मी केली. मी गाडीचं जाड पुस्तक वाचलं होतं. सीट आराम का देते, दाब कसा विभागला जातो, हे मला पानांवरून माहीत होतं. मी म्हटलं, म्हातारं शरीर आहे, हाडांना सीट टोचत असेल. वर मऊ फोमचा एक जाड थर देऊ. रशीदभाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. पण प्रल्हादभाऊंना ते पटलं, कारण ते पुस्तकात होतं. आम्ही गादी केली, वर बसवली. चार दिवसांनी आबा आले, बसले आणि आत रुतले. काळ्या मातीत ट्रक रुतावा तसे. दोघांनी धरून बाहेर काढावं लागलं.

"ट्रॅक्टर बलावा आते," आबा म्हणाले. विनोद केला खरा, पण चेहऱ्यावर घाम होता आणि ओठ दाबलेले. मला फार वाईट वाटलं. लग्न दहा दिवसांवर होतं.

प्रल्हादभाऊ बाहेर अनवाणीच येरझाऱ्या घालू लागले. त्या दिवशीही चपला अंगणातच होत्या. "भाऊबंद हसतील ते हसू दे, मास्तर," ते मला हळूच म्हणाले. "पण पोरीला काय तोंड दाखवू?"

तोवर रशीदभाई आबांना आत घेऊन गेले होते. दुकानात फरशीवर तरटाचं पोतं पसरलेलं असायचं, रशीदभाई त्यावरच बसून काम करत. आबा त्या पोत्यावर बसले. मांडी घातली, पाठ सरळ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि मी बघत असताना त्यांचा चेहरा सैल झाला. चहा आला. रशीदभाईंनी कापसाचा विषय काढला, आबांनी बैलांचा. दोन तास गेले. आबा जागचे हलले नाहीत, कुठे दुखतंय म्हणाले नाहीत. रशीदभाईंची नजर मात्र गप्पांत नव्हती, ती आबांच्या गुडघ्यांवर होती.

मग त्यांनी मला हाक मारली. "मास्तर, या माणसाला काही झालेलं नाही. ही खुर्चीवर बसायची माणसंच नाहीत. ऐंशी वर्षं मांडी घालून बसला, आता तुम्ही त्याचे पाय लोंबकळत ठेवता. मणका दुखेल नाही तर काय?"

"पाय लोंबतस मना," आबांनी दुजोरा दिला. "फाशी देल सारखा."

"आणि वर भाऊंनी चपलाही काढायला लावल्या," रशीदभाई पुढे म्हणाले. "चपला काढल्या की माणूस मांडी घालतो. आबा वर पाय घ्यायला बघतात, तर सीट मागे उतरती. बसतील कसे?"

मी आजवर हजारो सीटची मापं घेतली होती. माणसाचं माप घ्यायचं मला सुचलं नव्हतं. रशीदभाईंनी टेप बाजूला ठेवला आणि आबांच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत वितीने माप घेतलं. तीन विती आणि वर चार बोटं. मी ते वहीत लिहून घेतलं.

आता प्रश्न प्रल्हादभाऊंचा. मधली सीट काढावी लागणार होती. "कातड्याला कात्री?" ते पांढरे पडले.

"कात्री लावणार नाही," रशीदभाई म्हणाले. "चार नटबोल्ट काढू, सीट जशीच्या तशी ठेवू. तिच्या जागी दुसरी बसवू. नाही आवडली तर परत हीच लावून देईन. माझी जबान."

प्रल्हादभाऊंनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "काढा."

आम्ही लोखंडी अँगलची चौकट केली, तिला मूळच्याच बोल्टांच्या भोकांत पक्कं बसवलं. त्यावर लाकडी फळी, तरट, दाबून भरलेला काथ्या. फोम नाही. रशीदभाईंनी आबांना सांगितलं, तुमच्या शेतातला कापूस पाठवा, पिंजून. पाठवला, दोन पोती. तो त्यांनी हाताने थर थर करून भरला. मध्ये घट्ट आणि गुडघ्यांखाली किंचित उंच, म्हणजे मांडी घातल्यावर गुडघ्यांवर ताण येणार नाही. पुढच्या कडेला दोन बोटं उंचवटा. पाठीला तक्क्या, पण बांधलेला. आबा म्हणाले, दमणीत धरायला दोर असायचा. दमणी म्हणजे आमच्याकडची बसायची छपराची बैलगाडी. तर छताच्या कडीला जाड सुती दोर लावला आणि कमरेला रुंद पट्टा केला. वर पिवळं जाड खादीचं कापड. त्या बदामी राजेशाही गाडीत ती पिवळी बैठक अशी दिसत होती की एखाद्या दिवाणखान्यात कुणीतरी खळ्यातली बाज आणून ठेवावी.

मला ते कुरूप वाटलं. मी तसं बोललोही. रशीदभाई म्हणाले, "तुम्ही बघू नका. ज्याला बसायचं आहे त्याला दिसणार नाही."

लग्नाच्या दिवशी पहाटे प्रल्हादभाऊंचा निरोप आला, दोघांनी सोबत चला. वाटेत काही बिघडलं तर? रशीदभाईंनी वाकडी सुई, दोरा आणि थोडा कापूस पिशवीत घेतला आणि आम्ही तापीकाठी त्यांच्या घरी पोचलो. आम्ही दोघं मागच्या सीटवर, आबा मध्ये त्यांच्या बैठकीवर, प्रल्हादभाऊ आणि त्यांच्या मिसेस पुढे. नवरी आणि बाकी मंडळी आदल्या दिवशीच बसने गेली होती.

एरंडोलपर्यंत प्रल्हादभाऊ दर दोन मिनिटांनी आरशात बघत. पारोळ्याच्या अलीकडे त्यांनी न राहवून विचारलं, "कसं वाटस, आबा?"

आबांची नजर पुढच्या रस्त्यावर होती. प्रल्हादभाऊंनी गाडी सावकाश केली.

"हळू कसाले करस?" आबा म्हणाले. "त्या ट्रकना मांगे किती येळ चालशी? काढ पुढे."

मग ती गाडी काय चीज आहे ते मी पाहिलं. पाय दाबल्याबरोबर ती आवाज न करता पुढे सरकली, ट्रक मागे पडला आणि आत पाण्याचा पेलाही हलला नसता. आबांनी दोर धरला होता तो सोडला. धुळ्याजवळ ते बोलू लागले आणि मग थांबेनात. तरुणपणी बैल घेऊन याच वाटेने साक्रीच्या बाजाराला कसे गेले, कुठल्या नाल्यात चाक तुटलं, कुणाच्या ओट्यावर मुक्काम केला. साक्री गेली तरी ते धुळ्यातल्याच मुक्कामावर होते. रशीदभाईंनी माझ्या हाताला हळूच कोपर लावलं. पुढे आबा सीटबद्दल एक शब्द बोलत नव्हते.

गाडी थांबली. बाहेर बँड वाजायला लागला. आबांनी गोष्ट अर्ध्यावर तोडली, काचेतून बघितलं.

"काय व्हयनं? थांबना कसाले?"

"पिंपळनेर आलं, आबा."

"इतलामा वनं?" इतक्यात आलं कसं, हे आबांना खरंच कळेना.

प्रल्हादभाऊंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्यांच्या मिसेस पदराने डोळे पुसत हसत होत्या. मी रशीदभाईंकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते, मिशीवरून हात फिरवत.

दार उघडलं. आबा उतरले, त्यांच्या मागे आम्ही. आणि पाय जमिनीला टेकताच सगळ्यांना एकदमच कळलं. दुपारचं ऊन, तापलेला मांडवासमोरचा रस्ता, आणि आम्ही पाचही जण अनवाणी. सगळ्यांच्या चपला तापीकाठी अंगणात ओळीने उभ्या.

व्याही हार घेऊन पुढे आले. त्यांनी गाडी बघितली, मग आमचे पाय बघितले, आणि चेहरा गंभीर झाला. त्यांनी मागे वळून काहीतरी सांगितलं आणि आपले बूट काढले. त्यांचं बघून त्यांच्या भावांनी काढले. क्षणात वरपक्षाची दहाबारा माणसं अनवाणी, एकेका पायावर नाचत.

"आमच्याकडे नवसाचं माहीत नव्हतं," व्याही नम्रपणे म्हणाले. "कसली मानता आहे, आबा?"

आबांनी एक क्षणही घालवला नाही. "गाडीनी शे," ते म्हणाले. "फार कडक देव शे."

प्रतिभा मांडवाच्या आतून धावत आली, मुंडावळ्या सावरत. आबांनी तिचा हात धरला आणि चालत, काठी न टेकता, बोहल्यापर्यंत गेले. त्यांचे पाय भाजत असणार. तसं काही दिसलं नाही.

त्यानंतर आबा सहा वर्षं होते. त्या बैठकीवर बसून ते बरंच फिरले, प्रतिभाच्या मुलाला बघायला पिंपळनेरला दोनदा गेले. मूळची बदामी सीट आमच्याच दुकानात राहिली. परत लावू का, असं मी एकदा विचारलं. प्रल्हादभाऊ म्हणाले, आबा असेपर्यंत नको. आबा गेल्यावर म्हणाले, आता तर नकोच. मग ती गिऱ्हाइकांना बसायला झाली. लोक बसायचे, वाहवा करायचे. रशीदभाई मात्र तिच्यावर कधी बसले नाहीत, ते आपले पोत्यावर. मी चिडवायचो, एवढी परदेशी सीट फुकट पडली आहे. ते म्हणायचे, माझं माप नाही ते.

गेल्या दोन वर्षांत त्यांचे गुडघे गेले. मांडी घालता येईना. एक दिवस सकाळी दुकानात आलो तर ते त्या बदामी सीटवर बसलेले, पाय सरळ सोडून, मांडीवर काम घेऊन. मला बघून ओशाळले. "वाईट नाही हो, मास्तर," म्हणाले. "बनवणाऱ्याने डोकं लावलं आहे." मी सगळ्या पुस्तकांतली माहिती त्यांना सांगायला लागलो, दाब कसा विभागला जातो वगैरे. त्यांनी ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली.

रशीदभाईंचं कळल्यावर प्रल्हादभाऊ आले. आता त्यांचेही केस पांढरे झाले आहेत, गाडी नवी आहे. पायरीशी चपला काढून आत आले, पोत्यावर बसले. दोघांनी चहा घेतला. जाताना त्या बदामी सीटवरून त्यांनी हात फिरवला, डोळे पुसले आणि नवीन गाडीत बसून गेले.

संध्याकाळी झाडताना मला पायरीशी चपला दिसल्या. मी फोन केला.

"ऱ्हाऊ द्या तठेच, मास्तर," ते म्हणाले. "लेवाले ईसू."

घ्यायला अजून आलेले नाहीत. चपला पायरीवरच आहेत. रोज सकाळी झाडताना मी त्या उचलतो, खालची धूळ काढतो आणि परत जिथल्या तिथे ठेवतो.